शिंपल्याच्या पोटातील प्लास्टिक

आपला जळकोट परिसर समुद्रापासून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आपल्यापैकी अनेकांनी समुद्र प्रथम पाहिला तो शिक्षणासाठी किंवा पोटापाण्यासाठी मुंबईस गेल्यावर. अशा कोरडवाहू मुलखातील निवासी शाळेच्या स्मरणिकेत समुद्रातील शिंपल्यांविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पाण्याला तालुक्याची वा जिल्ह्याची सीमा नसते, हे त्याचे पहिले उत्तर. दुसरे उत्तर असे की, जे प्लास्टिक शिंपल्याच्या पोटात सापडते, त्याचा आरंभ आपल्यासारख्याच गावांच्या ओढ्यांत, धुण्याच्या दगडावर आणि बाजारच्या रस्त्यावर होतो. आम्ही विज्ञानाचे शिक्षक म्हणून हा विषय माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे शक्य तितक्या सोप्या रीतीने मांडू इच्छितो.

आपल्याकडे एक दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. मोकाट फिरणारी गाय उकिरड्यावरील कॅरीबॅगा खाते. पोट भरल्यासारखे दिसते, पण गाय दिवसेंदिवस खंगत जाते. शेवटी पशुवैद्यकाने पोट उघडले, तर आत प्लास्टिकचा गोळा निघतो. त्या गायीला विषबाधा झालेली नसते. अन्नाची जागा अन्न नसलेल्या वस्तूने घेतलेली असते. समुद्रातील शिंपल्यांच्या बाबतीत जे घडते आहे, ते याच प्रकारचे आहे. फरक इतकाच की, तेथील प्लास्टिक डोळ्यांना दिसत नाही आणि तेथील प्राण्याचे खंगणेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

सूक्ष्मप्लास्टिक म्हणजे काय?

पाच मिलिमीटरपेक्षा लहान असलेल्या प्लास्टिकच्या कणास सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. ज्वारीचा दाणा साधारण एवढ्याच आकाराचा असतो. येथून आरंभ होऊन हे कण केसाच्या जाडीहूनही लहान होत जातात. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधानंतर हा शब्द जगभर रूढ झाला.

प्लास्टिक कुजत नाही. ते ऊन, वारा आणि घर्षण यांनी झिजते आणि फुटते. बांधावर पडलेली खताची जुनी गोणी हाताने चुरगाळली, तर तिचा भुगा होतो, हा अनुभव शेतकरी बांधवांना आहेच. तो भुगा म्हणजे सूक्ष्मप्लास्टिक. याखेरीज आणखी दोन मोठे उगम आहेत. एक म्हणजे वाहनांच्या टायरांची झीज, आणि दुसरा म्हणजे पॉलिएस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक यांसारख्या कृत्रिम धाग्यांचे कपडे. प्लिमथ विद्यापीठातच २०१६ साली झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज निघाला की, सहा किलो ॲक्रिलिक कपडे यंत्रात एकदा धुतले, तर सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात. पुढे आपल्याला दिसेल की, शिंपल्यांत सापडणाऱ्या कणांत अशा तंतूंचाच भरणा अधिक असतो.

जो प्राणी पाणी गाळून जगतो

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर कालवे, तिसऱ्या, शिवल्या, तसेच गोव्याकडे ज्यांना शिनाणे म्हणतात ते हिरवे शिंपले विपुल आढळतात. हे सर्व दोन शिंपांत राहणारे मृदुकाय प्राणी आहेत. त्यांना धावता येत नाही, शिकार करता येत नाही. कालव तर एकदा खडकास चिकटले की जन्मभर तेथेच राहते. अन्न त्यांच्याकडे पाण्याबरोबर चालत येते. शिंपला आपल्या कल्ल्यांवरील सूक्ष्म केसांची सतत हालचाल करून पाणी आत ओढतो, त्यातील वनस्पतीप्लवक म्हणजे सूक्ष्म तरंगत्या वनस्पती गाळून घेतो आणि उरलेले पाणी बाहेर सोडतो. चांगला वाढलेला शिंपला तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी गाळतो. खाडीचे पाणी निवळ ठेवण्यात या प्राण्यांचा वाटा मोठा आहे, तो यामुळेच.

शिंपल्यास निवड अजिबात करता येत नाही, असे नाही. नको असलेले कण तो चिकट द्रवात गुंडाळून पोटात जाण्यापूर्वीच बाहेर टाकतो. गाळ आणि वाळू यांच्याशी त्याचा सामना कोट्यवधी वर्षांचा आहे. परंतु प्लवकाच्याच आकाराचा आणि त्याच्याच सारखा हलका कण समोर आला की, ही निवड अपुरी पडते. त्यातच पाण्यात काही काळ राहिलेल्या प्लास्टिकवर जिवाणूंचा पातळ थर चढतो. त्यामुळे तो कण खाद्याशी अधिकच मिळताजुळता होतो.

शरीरात गेल्यावर काय घडते?

या प्रश्नाचा शोध गेली दोन दशके निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांत चालू आहे. त्यांतील काही निष्कर्ष येथे क्रमाने देत आहोत.

पहिला प्रश्न असा होता की, गिळलेला कण विष्ठेवाटे बाहेर पडतो की शरीरात राहतो? मार्क ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली निळ्या शिंपल्यांवर केलेल्या प्रयोगात आढळले की, काही मायक्रोमीटर आकाराचे कण (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तीन दिवसांत आतड्यातून शिंपल्याच्या रक्तद्रवात पोहोचले, आणि ४८ दिवसांनंतरही ते तेथे होते. म्हणजे सर्वच कण आले तसे निघून जात नाहीत. पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात प्लास्टिकचे कण शिंपल्याच्या पाचक ग्रंथीच्या पेशींत शिरल्याचे आणि तेथे दाह निर्माण झाल्याचे दिसून आले.

दुसरा प्रश्न संततीचा. फ्रान्समधील संशोधकांनी कालवांना त्यांच्या प्रजननकाळात दोन महिने पॉलिस्टायरिनचे अतिसूक्ष्म कण असलेल्या पाण्यात ठेवले. थर्माकोल ज्यापासून बनते तेच हे द्रव्य. २०१६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष चिंताजनक होते. स्वच्छ पाण्यातील कालवांच्या तुलनेत या कालवांच्या अंड्यांची संख्या ३८ टक्क्यांनी घटली, शुक्रपेशींचा वेग २३ टक्क्यांनी मंदावला आणि त्यांच्यापासून झालेल्या पिलांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. जी पिले झाली त्यांची वाढही संथ होती. वास्तविक ही कालवे मेली नव्हती. ती खात होती. किंबहुना थोडे अधिकच खात होती. वरवर पाहणाऱ्यास ती निरोगी वाटली असती. तथापि अन्नातून मिळणारी शक्ती शरीराचा तोल सांभाळण्यात खर्ची पडली आणि संततीच्या वाट्यास कमी आली. दुष्काळात घर चालविणाऱ्या कुटुंबास याचा अर्थ निराळा सांगावयास नको. रोजचे भागते, परंतु पुढील हंगामाचे बियाणे उरत नाही.

तिसरा प्रश्न पकडीचा. शिनाण्यांच्या जातीचे शिंपले आपल्या शरीरातून चिवट धागे काढून खडकाला घट्ट धरून राहतात. लाटांच्या माऱ्यात तोच त्यांचा आधार. उत्तर आयर्लंडमध्ये ५२ दिवस चाललेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पॉलिएथिलिनचे कण असलेल्या पाण्यातील निळ्या शिंपल्यांनी कमी धागे काढले आणि त्यांच्या पकडीचे बळ सुमारे निम्म्याने घटले. पकड सुटलेला शिंपला लाटेबरोबर वाहून जातो. शिवाय एकमेकांस धरून राहिलेल्या शिंपल्यांच्या थरात खेकडे, किडे, माशांची पिले असा मोठा संसार वसतो; थर विस्कटला की तोही विस्कटतो.

चौथा प्रयोग आपल्या दृष्टीने अधिक जवळचा, कारण तो आपल्याच किनाऱ्यावर आढळणाऱ्या हिरव्या शिंपल्यावर झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हे शिंपले ९१ दिवस पीव्हीसीच्या कणांच्या सान्निध्यात ठेवले गेले. कणांचे प्रमाण जसे वाढविले, तसे त्यांचे पाणी गाळणे, श्वसन आणि धागे काढणे मंदावले, आणि जगण्याचे प्रमाणही घटले.

कवचधारी खेकड्यांचीही यातून सुटका नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, खेकडा हे कण तोंडावाटे तर घेतोच, पण श्वसनाबरोबर कल्ल्यांतूनही घेतो. पोटातील कण १४ दिवसांपर्यंत, तर कल्ल्यांत अडकलेले कण २१ दिवसांपर्यंत शरीरात राहिले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. यांतील काही प्रयोगांत, विशेषतः हिरव्या शिंपल्यांवरील प्रयोगात, कणांचे प्रमाण आजच्या समुद्रापेक्षा पुष्कळ अधिक होते. त्यामुळे उद्याच सारी कालवे नष्ट होतील, असा अर्थ कोणी काढू नये. परंतु प्रयोग काही आठवड्यांचा असतो आणि खाडीतील शिंपला सारे आयुष्य त्याच पाण्यात काढतो. शिवाय प्लास्टिक एकटे येत नाही. जपानमधील संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले की, समुद्रातील प्लास्टिकच्या गोळ्यांवर काही विषारी रसायने भोवतालच्या पाण्याच्या तुलनेत लाख ते दहा लाख पट साठू शकतात. सांडपाणी, वाढते तापमान आणि ही रसायने यांच्या ओझ्याखाली आधीच असलेल्या प्राण्यावर हे आणखी एक ओझे आहे.

आपल्या किनाऱ्यावरील चित्र

मुंबईतील जुहू, वर्सोवा, आक्सा आणि दादर या चार चौपाट्यांचा अभ्यास वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेशी संबंधित संशोधकांनी केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींनुसार भरतीच्या रेषेवर दर चौरस मीटरला सरासरी ६८ प्लास्टिकचे तुकडे आढळले, आणि त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक तुकडे पाच मिलिमीटरपेक्षा लहान होते. पुढे अरबी समुद्राच्या ईशान्य भागातील कोळंबीच्या अन्ननलिकेतही सूक्ष्मप्लास्टिक सापडले. त्यांत तंतूंचे प्रमाण सर्वाधिक होते.

गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील संशोधकांनी दक्षिण गोव्यातील साळ नदीच्या मुखाजवळील खाडीचा अभ्यास केला आणि तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. मडगावच्या परिसरातून वाहणारी ही नदी बेतूल येथे समुद्रास मिळते. तिच्या काठी दाट वस्ती आहे आणि सांडपाण्याचा भार मोठा आहे. संशोधकांनी पाणी, तळाचा गाळ, मासे आणि शिंपले असे चारही प्रकारचे नमुने तपासले. चारही ठिकाणी सूक्ष्मप्लास्टिक होते. कालवे, हिरवे शिंपले आणि तिसऱ्या यांपैकी कोणीही त्यातून सुटले नव्हते, आणि येथेही निम्म्याहून अधिक कण तंतूंच्या रूपातील होते. याचा अर्थ असा की, चौपाटीवर दिसणारी बाटली आणि पिशवी हा प्रश्नाचा दृश्य भाग आहे. मोठा भाग घरोघरच्या धुण्याच्या पाण्यातून, सांडपाण्यातून आणि जुन्या दोऱ्या-जाळ्यांतून येतो.

या शिंपल्यांवर माणसांची पोटे अवलंबून आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या खाड्यांत ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात वाकून तिसऱ्या वेचणाऱ्या, खडकावरील कालवे फोडणाऱ्या बहुतांशी स्त्रिया असतात. त्यांना होडी लागत नाही, जाळे लागत नाही. भांडवल म्हणजे स्वतःचे श्रम. गेल्या काही वर्षांत राज्याच्या कांदळवन कक्षाने महिला बचत गटांना कालवे आणि शिंपले पालनासाठी साहाय्य दिले आहे. कालवांची पिले कमी झाली, तर त्याचा पहिला फटका या भगिनींच्या टोपलीला बसणार आहे. मजुरीवर जगणाऱ्या घराला दिवसाची कमाई अर्धी होण्याचा अर्थ काय, हे आपल्या समाजास कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ताटापर्यंतचा प्रवास

मोठा मासा आपण साफ करून, पोटातील घाण काढून खातो. शिंपल्याचे तसे नाही. तो सगळाच खाल्ला जातो. त्यामुळे त्याच्या पोटातील कण थेट आपल्या ताटात येतात. बेल्जियममधील संशोधकांनी २०१४ साली असा अंदाज मांडला की, युरोपात शिंपले भरपूर खाणारी व्यक्ती वर्षाला ११,००० पर्यंत सूक्ष्मप्लास्टिकचे कण गिळत असावी. मात्र मिठातून, पिण्याच्या पाण्यातून आणि घरातील धुळीतूनही हे कण आपल्या शरीरात जातातच. म्हणून केवळ शिंपले वा मासे खाणे सोडण्याने प्रश्न सुटत नाही. त्यातून मिळणारी स्वस्त आणि सकस प्रथिने मात्र हातची जातात.

मुंबई, ठाणे, नवी मुंबई येथे स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी मासळी नित्याची आहे. त्यांनी कोळंबीच्या पाठीवरील काळा दोरा काढून टाकावा, कारण ती तिची अन्ननलिका असते. तिसऱ्या-कालवे सांडपाणी मिसळणाऱ्या जागेवरील घेऊ नयेत. बेल्जियममधील त्याच अभ्यासात शिंपले तीन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवल्यावर त्यांच्या शरीरातील कण काही अंशी घटले. यातून एक आशादायक गोष्ट दिसते. पाणी स्वच्छ झाले की शिंपला स्वतःलाही काही प्रमाणात स्वच्छ करतो. म्हणून मुळात पाण्याचीच काळजी घेतली पाहिजे.

आपल्या ओढ्यापासून उपसागरापर्यंत

आता पुन्हा आपल्या परिसराकडे वळू. बालाघाटच्या डोंगररांगांतून निघालेली बोरी नदी नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहालावरून पावसाळ्यात नर-मादी धबधब्यांच्या रूपाने कोसळते, हे आपणा सर्वांच्या अभिमानाचे दृश्य. तेच पाणी पुढे अक्कलकोट तालुक्यातून भीमेस मिळते. भीमा कृष्णेस आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. जिल्ह्याच्या उत्तर भागातील तेरणेचे पाणीही मांजरा आणि गोदावरी यांच्या वाटेने त्याच उपसागरात जाते. कोकणची खाडी आपल्या पाण्याच्या वाटेवर नाही. परंतु कृष्णा-गोदावरीच्या मुखाशीही असेच शिंपले आहेत आणि ते वेचून जगणारी अशीच माणसे आहेत.

जळकोटच्या ओढ्यात टाकलेली प्रत्येक पिशवी समुद्रात पोहोचते, असे आम्ही म्हणणार नाही. वाटेत बंधारे आहेत. जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर यांसारखी मोठी धरणे आहेत. पुष्कळसे प्लास्टिक त्यांच्या गाळात बसते. पण यात समाधान मानण्यासारखे काही नाही. आपल्या नद्या-तलावांच्या तळाशीही गोड्या पाण्यातील शिंपले राहतात आणि तेही पाणी गाळूनच जगतात. जे समुद्रात गेले नाही, ते आपल्याच पाण्यात आणि आपल्याच शेतात राहिले, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या गावावरून सोलापूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग जातो. टायरांची झीज पहिल्या पावसात नाल्यात उतरते. ती थांबविणे आपल्या हाती नाही. पण पुढील गोष्टी निश्चितच आपल्या हाती आहेत.

आपण काय करू शकतो?

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्या यांवर बंदी घातली. केंद्र शासनानेही १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकल्या जाणाऱ्या अनेक वस्तूंवर बंदी आणली. कायदा झाला, तो पाळणे आपल्याकडे आहे. लग्न, जयंती, स्नेहसंमेलन, अन्नदान अशा प्रसंगी शेकडो पंगती उठतात. तेथे स्टीलची ताटे, पत्रावळी आणि पाण्याचे पिंप यांची व्यवस्था ठेवणे कठीण नाही. ताटांचा एक संच गावाने वर्गणीतून घेतला, तर तो वर्षानुवर्षे पुरतो.

शेतकरी बांधवांनी मल्चिंगचा कागद, ठिबकच्या जुन्या नळ्या आणि खतांच्या गोण्या बांधावर सडू न देता हंगाम संपताच गोळा करून भंगारात द्याव्यात. त्या जाळू नयेत, नांगराखाली गाडू नयेत. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी गावातील नाले आणि ओढे एकदा साफ केले, तर वर्षभराचा कचरा पहिल्या पुराबरोबर वाहून जाणे टळते. कोणत्याही यंत्राविना होणारे हे सर्वांत परिणामकारक काम आहे.

कपड्यांचा विचारही अगत्याने करावा. शक्य तेथे सुती कापड निवडावे. कृत्रिम धाग्यांचे स्वेटर आणि शाली गरज असेल तेव्हाच धुवाव्यात, ब्रशने जोरात घासू नयेत. धुण्याचे पाणी थेट ओढ्यात न सोडता शोषखड्ड्यात सोडावे. वसतिगृहात रोज मोठ्या प्रमाणावर धुणे होते. म्हणून गणवेशाचे कापड ठरविताना पालक आणि शाळा यांनी हा मुद्दाही विचारात घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक साधा प्रयोग सुचवितो. ॲक्रिलिकची शाल बादलीभर स्वच्छ पाण्यात धुवावी आणि ते पाणी पांढऱ्या दाट सुती कापडातून गाळावे. कापडावर उरलेले शालीच्या रंगाचे तंतू शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. शिंपल्याच्या पोटात जे सापडते, त्याचाच हा नमुना. जी गोष्ट मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, ती घरी गेल्यावर तो आईवडिलांना नक्की सांगतो, हा आमचा अनुभव आहे.

शिंपल्याला आपले पाणी बदलता येत नाही. जे येईल ते गाळणे आणि त्यातूनच जगणे एवढेच त्याच्या हाती असते. आपल्याला मात्र पाण्यात काय सोडावे आणि काय सोडू नये, हे ठरविता येते. पुढील पावसाळ्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी एका ओढ्याची तरी जबाबदारी घ्यावी, आणि त्या कामी शाळेतील मुलांना सोबत न्यावे, असे आवाहन करून आम्ही हा लेख पूर्ण करतो.